पाऊस थांबला, पण पाणी?

पावसाळ्यात दोन-तीन दिवस मुसळधार पाऊस पडतो आणि मग एखाद्या दिवशी लख्ख ऊन पडते. त्यातच सुट्टी असली, तर पनवेलची मुले एस.टी.ने उरणला, नाहीतर अलिबागला जाण्याचा बेत करतात. समुद्र दिसला की पाय आपोआप पाण्याकडे वळतात. कोणीतरी म्हणते, "पाऊस थांबला, पाणीही स्वच्छ दिसते. चला, पोहू या!" हे ऐकावे का? माझे मत असे, की ऐकू नये. पाणी नुसत्या डोळ्यांनी पारखता येत नाही. ते कोठून आले आणि पाऊस थांबून किती दिवस झाले, हे आधी विचारावे.

आपल्या गाढी नदीचेच उदाहरण घ्या. माथेरानच्या डोंगराकडून येणारी ही नदी पनवेलजवळून वाहत जाऊन खाडीला मिळते. जोराचा पाऊस झाला की रस्ते, गटारे, उकिरडे, गोठे सारे धुऊन निघते. गल्ली स्वच्छ झाली म्हणून आपल्याला बरे वाटते. पण ती घाण गेली कोठे? ती नाल्यातून नदीत, नदीतून खाडीत आणि खाडीतून समुद्रात गेली. किनाऱ्यावरच्या प्रत्येक नदीची आणि नाल्याची हीच गोष्ट आहे.

या पाण्यात सांडपाण्यातले रोगजंतू असतात. असे पाणी तोंडात गेले तर जुलाब, कावीळ, विषमज्वर यांसारखे आजार होऊ शकतात. कान, डोळे आणि त्वचाही दुखावते. जंतू मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पाणी प्रयोगशाळेत तपासतात. विष्ठेतून येणारे कॉलिफॉर्म जीवाणू पाण्यात किती आहेत, ते मोजतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे, पोहण्याच्या जागी समुद्राच्या 100 मिलिलिटर पाण्यात हे जीवाणू साधारणपणे 100 पेक्षा जास्त नसावेत.

कोणी म्हणेल, "समुद्र एवढा मोठा! खारे पाणी सगळी घाण मारते." यात थोडे तथ्य आहे. ऊन, मीठ आणि भरती-ओहोटी यांमुळे जंतू हळूहळू कमी होतात. पण त्याला वेळ लागतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या किनाऱ्यांवर 1989 पासून पाण्याची नियमित तपासणी होते. तेथे लोकांना सांगतात, की जोराच्या पावसानंतर खुल्या समुद्रात निदान एक दिवस आणि खाडीत निदान तीन दिवस पोहू नका. खाडीला जास्त दिवस का? कारण खाडी आत शिरलेली असते, तिचे पाणी लवकर बदलत नाही.

हा नियम आपल्याकडे लावून पाहा. जुलैत सलग तीन कोरडे दिवस कितीदा मिळतात? नवी सर आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू! शिवाय या दिवसांत समुद्र खवळलेला असतो. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. ज्यांचे आयुष्य समुद्रावर गेले, त्यांच्या होड्याही तेव्हा किनाऱ्यावर असतात. मग आपण कशाला धाडस करावे? पावसाळ्यात समुद्र लांबून पाहावा. पुढे परतीचा किंवा अवकाळी पाऊस झाला, तर दिवस मोजावेत.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ किनाऱ्यांवर वाळूतून एखादा ओहोळ समुद्राला मिळतो. लहान भावंडांना त्यात खेळायला फार आवडते, कारण तेथे लाटांची भीती नसते. परंतु तोच वस्तीतला नाला असू शकतो. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. उंदरांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. म्हणून पावसानंतर त्या ओहोळात मुलांना सोडू नये.

लाटांच्या धोक्याचे फलक काही किनाऱ्यांवर दिसतात. पाण्यातल्या घाणीचे फलकही लागायला हवेत. शेवटची तपासणी कधी झाली, जीवाणू किती सापडले आणि शेवटचा मोठा पाऊस कधी पडला, एवढे त्यावर लिहावे. पावसाची तारीख का? कारण तपासणीचा निकाल यायला एखादा दिवस तरी लागतो. तोवर नवा पाऊस पडून गेलेला असू शकतो.

असा फलक नसेल, तर तुम्हीच विचार करा. मोठा पाऊस कधी झाला? जवळ नाला किंवा खाडीचे तोंड आहे का? पाणी गढूळ आहे का, त्यावर कचरा तरंगतो का? एकाही उत्तराने शंका आली, तर अब्बांना किंवा चाचांना सांगा, "आज पाण्यात नको, वाळूवरच खेळू." ते नाराज होणार नाहीत.

आणि पनवेलच्या नाल्यात पिशवीभर कचरा टाकण्यापूर्वीही थोडे थांबा. आपण टाकलेली घाण खाडीत पोहोचते आणि खाडी समुद्राला मिळते. तेथेही कोणाची तरी मुले पाण्यात उतरणार असतात.