कोळशाचा विटाळ

चित्र म्हणजे कॅनव्हास, तैलरंग आणि सोनेरी चौकट, असा ज्यांचा ग्रह एकदा कायम झाला आहे, त्यांस आजची संमिश्र माध्यमांची प्रदर्शने म्हणजे कलेच्या देवघरात शिरलेली अडगळच वाटते. "भिंतीवर कोळसा फासला की झाली का कला?" असा प्रश्न ही मंडळी मोठ्या ऐटीत विचारतात. हा आक्षेप अभिरुचीचा नसून सोवळ्याचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रभाकर पाचपुते यांचेच उदाहरण घ्यावे. चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती गावी १९८६ साली जन्मलेल्या या कलावंताच्या घरची माणसे कोळशाच्या खाणीत राबली. त्यांच्या प्रदर्शनांत कोळशाने रेखाटलेल्या भिंती, शिल्पे आणि चलचित्रे एकत्र नांदतात. वेल्स या जुन्या खाणींच्या मुलखात २०२१ साली आर्टेस मुंडी पारितोषिक त्यांना इतर पाच कलावंतांसमवेत मिळाले. खाण गावाची जमीन गिळते आणि उजेड मात्र दूरच्या शहरात पडतो, हे सांगावयास कोळशाहून प्रामाणिक साधन ते कोणते? तोच खाणकामगार गुळगुळीत तैलरंगांत चितारला असता, तर दिवाणखान्यात शोभेला टांगता आला असता. कोळशाने काढला म्हणून तो पाहणाऱ्याच्या हाताला काळे लावतो. आणि आक्षेपकांची खरी तक्रार या काळ्याविषयीच आहे.

हे सारे परदेशी खूळ आहे, असेही कोणी म्हणतात. त्यांनी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस जाऊन यावे. तेथील दासोपंतांनी (१५५१-१६१५) पंचीकरणाचा विषय सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा पासोडीवर लिहून काढला. ज्या जाड्याभरड्या वस्त्राने माणसाने थंडी निवारावी, त्यावर ब्रह्मविद्या लिहिताना त्यांना साधनाचा विटाळ झाला नाही. मग आम्हांलाच तो का व्हावा?

आता याच जिल्ह्याचे आजचे दैन्य पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील सहस्रावधी जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून तेथे दोन माणसे होत नाहीत, एक 'कोयता' होतो. २०१९ साली शासकीय समितीने पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. उद्या या जिल्ह्यातील एखाद्या तरुणाने झिजलेला कोयता, खोपीचे पाचट आणि उचलीच्या हिशेबाची वही एका दालनात मांडली, तर आपण सुशिक्षित मंडळी काय म्हणणार? "यात सौंदर्य कोठे आहे?" असेच ना? चहात साखर ढवळताना हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही. प्रदर्शनाच्या दारातच तो नेमका आठवावा, हे मोठे सोयीचे सौंदर्यप्रेम म्हटले पाहिजे.

प्रत्येक कोळसा कला होतो, असे आमचे म्हणणे नाही. अर्थ नसता नुसता पसारा मांडणाऱ्यांची खुशाल हजेरी घ्यावी. परंतु ती घेताना कलावंताने काय पाहिले आणि किती खोल पाहिले, हे विचारावे. त्याचे हात कशाने मळले, हे विचारू नये. आणि अशी प्रदर्शने मुंबई-पुण्याच्या दालनांतच अडकून न पडता बीडच्या शाळांत नि बाजारतळांवरही भरावीत. ज्यांचे जिणे त्यांत मांडले जाते, त्यांना ते खरे उतरले की नाही हे सांगण्याचा पहिला अधिकार आहे.