बाई आल्या, बाई आली

‘बाई’ हा शब्द दोनच अक्षरांचा. पण त्याचं बोट धरून चार गावं फिरलं की चक्रावायला होतं.

गोव्यातल्या कोकणीत ‘बाय’ म्हणजे लाडाची पोर. राजस्थानात लेकीला, बहिणीला ‘बाईसा’ म्हणतात. मीरेची ‘मीराबाई’ झाली ती याच मुलखात. तिथून लखनौ-बनारसकडे वळलं, की हीच बाई कोठ्यावर जाऊन बसते. ‘बाईजी’ म्हणजे मैफलीत गाणारी, नाचणारी. हा शिक्का इतका पक्का, की १९४५ मध्ये एका बॅरिस्टरांशी लग्न झाल्यावर अख्तरीबाई फैजाबादी पुढे ‘बेगम अख्तर’ झाल्या. आपल्या केसरबाई केरकरांना असं काही करावं लागलं नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे.

बंगालीत ‘शुचिबाई’ म्हणजे सोवळ्याओवळ्याचं, धुण्यापुसण्याचं वेड. त्यातला ‘बाई’ वायूवरून आलेला, आपल्या बाईशी त्याचं नातं नाही. पण ऐकल्यावर नात्यातली एखादी बाई आठवतेच, काय करणार! फिलिपिन्सच्या मिंदानाओ बेटावर मोठ्या घराण्यातल्या स्त्रीच्या नावाआधी मानाने ‘बाई’ लावतात. चिनी भाषेत ‘बाई’ म्हणजे पांढरा. सूर बदलला की शंभर, आणखी बदलला की हार.

चिनी माणसाचा सूर बदलतो, आपलं क्रियापद बदलतं. ‘बाई आल्या’ म्हटलं की वर्गातली मुलं उठून उभी राहतात. ‘बाई आली’ म्हटलं की सिंकमधली भांडी बाहेर येतात. शब्द तोच, माणूसही बाईच. ‘बाईंचं सांगणं’ आणि ‘बाईचं सांगणं’ यांत एका अनुस्वाराचा काय तो फरक, पण त्या टिंबात आपली सगळी उतरंड बसलेली आहे.

खरं तर मराठीत हा शब्द केवढ्या मानाचा होता. अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, १८४८ मध्ये पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या सावित्रीबाई, १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई. मग शाळेतल्या बाईंच्या ‘मॅडम’ आणि ‘मिस’ झाल्या, शिकल्यासवरल्या मुलींना नावापुढे बाई नको झाली. मानाचे लोक असे एकेक करून शब्दातून उठून गेले आणि मागे उरली ती केरवारे करणारी. आता मोबाइलमध्ये ‘बाई पोळ्या’, ‘बाई भांडी’ अशी नोंद असते. पाच-पाच वर्षं घरी येणाऱ्या बाईचं आडनाव विचारा, निम्म्या घरांत सांगता येत नाही. आणि हे बहुतेक वेळा आपण बायकाच करतो. यात पुरुषांना दोष देऊन सुटका नाही.

कुणी म्हणेल, आम्ही ‘मावशी’ म्हणतो. म्हणा की. पण त्या मावशीचा चहाचा कप फडताळात वेगळा का असतो? ज्या बहुतेक सोसायट्यांमध्ये मी घरकाम करणाऱ्या बायकांच्या कामासाठी जाते, तिथे मावश्या बऱ्याच आहेत आणि वेगळे कपही तितकेच आहेत. नातं जोडलं की हिशेब मागायला संकोच वाटतो, ही त्यातली आणखी एक सोय. मावशी दिवाळीचा बोनस कुठल्या तोंडाने मागणार?

२००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात या बायका ‘कामगार’ झाल्या. सरकारी शब्द रुक्ष असतात, पण हा मला आवडतो, कारण कामगार म्हटलं की तास, पगार, सुट्टी हे शब्द आपोआप मागून येतात.

आमच्या गटाच्या बैठकीत मी एकदा हे ‘आल्या’ आणि ‘आली’चं पुराण लावलं होतं. पंचवीस वर्षं भांडी घासणारी एक जण म्हणाली, “ताई, ‘आली’ म्हणा नाहीतर ‘आल्या’ म्हणा, ताप आला तर खाडे तेवढे कापू नका.” बायका खळखळून हसल्या. मीही हसले. पण मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. शाळेतल्या बाई आजारी पडल्या तर ती रजा असते. ‘बाई आली नाही’ असं जिच्याबद्दल म्हणतात, तिचा मात्र खाडा होतो.