समुपदेशन केंद्राची खतावणी

किराणा दुकानदार वर्षअखेरीस किती गिऱ्हाइके आली एवढेच मोजून थांबत नाही. माल किती गेला, उधारी किती वसूल झाली, किती बुडाली, हे तो पाहतो. बचत गटातल्या आपल्या भगिनीही महिन्याच्या बैठकीत पै न् पैचा मेळ घालतात. मात्र दारू, घरातली मारहाण, कर्ज, मनाची उदासी अशा दुखण्यांवर सल्ला देणारी केंद्रे अहवालात ‘इतक्या जणांनी लाभ घेतला’ एवढेच लिहून मोकळी होतात. आलेल्यांपैकी सावरले किती, हे त्यात नसते. आज आम्हाला या विषयावर चार शब्द लिहायचे आहेत.

कोणी म्हणेल, समोरच्याचा चेहरा पाहून समुपदेशकाला कळतेच की! तसे होत नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समुपदेशकांना विचारले होते, तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणाची अवस्था आणखी बिघडेल? ५५० जणांपैकी त्यांनी ३ नावे सांगितली. प्रत्यक्षात ४० जणांची अवस्था बिघडली. हे समुपदेशक शिकलेले होते, त्यांची कळकळही खरी होती. पण आपल्या कामाबद्दल आशा बाळगणाऱ्याला वाईट लवकर दिसत नाही. त्यावरचा उपाय साधा निघाला. प्रत्येक भेटीला तेच ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तरांचे गुण मांडायचे आणि गुण चुकीच्या दिशेने चालले की सावध व्हायचे.

हे परदेशातले झाले, असे म्हणून सोडून देऊ नये. आपल्या शेजारी गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने हेच काम केले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १२ सरकारी आणि १२ खाजगी दवाखाने होते. डॉक्टर नसलेल्या, पण खास शिकवून तयार केलेल्या स्थानिक माणसांनी तिथे सल्ला दिला. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी शेकडा ६५.९ रुग्ण बरे झाले. जिथे ही सोय नव्हती तिथे शेकडा ४२.५. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, आणि तेही त्यांनी छापले. पुढे २०१७ साली त्यांचा दुसरा अभ्यास आला. त्यात तीव्र नैराश्य असलेल्यांना सहा ते आठ भेटी दिल्या. केंद्रात येणे जमेना त्यांच्या घरी जाऊन दिल्या. तीन महिन्यांनी शेकडा ६४ जण सावरले. सल्ला न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ होते. हे समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकत आणि कामाला गुण देत. सासुरवाशिणीला ‘सहन कर’ असे सांगणारा समुपदेशक अशा बैठकीत ताबडतोब उघडा पडेल.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ वर आले. ही तुलना आधीची आणि नंतरची आहे, दुसऱ्या गावांशी नाही. म्हणून सारे श्रेय कार्यक्रमाला देता येणार नाही. तरीही दिशा दिसते.

आता आपल्या बीडकडे वळू. मोजणीचे बळ आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. ऊसतोड बायांची गर्भाशये काढली जातात, ही गोष्ट गावोगाव कुजबुजीत होती. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे निघाले. म्हणजे सहा जणींमागे एक. खाजगी दवाखान्यांनी अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा आदेशही त्याच वर्षी निघाला. जे कुजबुजीने झाले नाही ते आकड्याने झाले.

पण गोव्याची पद्धत जशीच्या तशी इथे चालणार नाही. दसरा-दिवाळी झाली की कोयता निघतो. पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज, गेवराई इथली नवरा-बायको उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ती पाडव्याच्या आसपास परततात. भाद्रपदात केंद्रात आलेली बाई तिसऱ्या भेटीला कुठून येणार? नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘आली नाही’ असा शेरा पडतो. ती फडात आहे, माहेरी आहे, की तिने जिवाचे बरेवाईट करून घेतले, याचा पत्ता कोणालाच नसतो.

इथेच हिशेब चुकतो. समजा, वर्षात १०० माणसे आली. तीन महिन्यांनी ४० जणांना गाठता आले आणि त्यांतले ३० सावरलेले दिसले. केंद्र म्हणेल, आमचे यश शेकडा ७५. आम्ही म्हणू, १०० पैकी ३० सावरले, १० नाहीत, आणि ६० जणांचा पत्ता नाही. हे ६० जण खतावणीत थकबाकी म्हणून दिसलेच पाहिजेत. पुढच्या वर्षाचे पहिले काम त्यांना शोधण्याचे.

म्हणून आमच्या सूचना अशा. पहिल्याच भेटीत ‘गावी किती दिवस आहात?’ हे विचारावे आणि निघण्यापूर्वी जमतील तेवढ्या भेटी जवळजवळ घ्याव्यात. मोबाईल नंबर घ्यावा. पण फोन नवऱ्याच्या, सासऱ्याच्या हाती असतो, मुकादमाच्या कानी जातो, तेव्हा कोणत्या वेळी आणि कोणाच्या नावाने फोन करायचा हे त्या बाईनेच सांगावे. गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, उदासी, जगण्याचा कंटाळा यांविषयी नऊ प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात. तिचे गुण ० ते २७ असे मांडतात. ती पहिल्या भेटीला आणि नंतर दर भेटीला विचारावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावी. मरणाच्या विचाराच्या प्रश्नाला ‘हो’ आले, तर बेरजेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. नोंदवही कुलपात राहावी. बाहेर आकडे जावेत, नावे कधीच नाहीत. आणि कोणी उत्तरे द्यायला नको म्हटले, तरी त्याला सल्ला मिळालाच पाहिजे.

या कामाला मोठी पदवी लागत नाही. बारावी झालेली आपली मुलगी हे गुण मांडू शकते. वाचकहो, तुमच्या गावात, वस्तीत असे केंद्र असेल तर त्याच्या चालकांना आदराने तीन गोष्टी विचारा: गेल्या वर्षी किती आले, किती सावरले आणि किती जणांचा पत्ता नाही? तिसरे उत्तर जे देतील त्यांच्यावर विश्वास ठेवा आणि ती माणसे शोधायला त्यांना मदत करा. ज्यांच्याजवळ केंद्र नाही त्यांनी १४४१६ हा सरकारचा ‘टेलिमानस’ फोन लक्षात ठेवावा. तो मोफत आहे आणि फडावरच्या कोपीतूनही लागतो.