लाबुबू नेमकी कुणाची? राक्षस काढणाऱ्या चित्रकाराच्या हातात शेवटी काय उरतं?

माझी एक मैत्रीण राक्षस काढते. हडळ, खवीस, झोटिंग, वेताळ, सगळी गावाकडची मंडळी. पण तिच्या चित्रांत ती भीतीदायक नसतात. तिची हडळ लोकलच्या दारात उभी राहून केस सुकवते आणि तिचा खवीस चहाच्या टपरीवर उधारी मागतो. रोज रात्री एक चित्र इन्स्टाग्रामवर टाकायचं, असा तिचा नेम आहे. मागच्या महिन्यात तिला एका गिफ्ट आर्टिकल्सवाल्याचा मेसेज आला: "मॅडम, हडळीचे किचेन काढू. पहिली ऑर्डर २०० पीस. फाइल पाठवा."

तिने मला फोन करून विचारलं, "पाठवू का?"

मी तेव्हा दादर स्टेशनबाहेर होते. समोरच्या स्टॉलवर लांब कानांच्या, दात विचकणाऱ्या केसाळ बाहुल्या टांगल्या होत्या. दीडशे रुपयाला एक, दोन घेतल्या तर अडीचशे. नाव लाबुबू. म्हणजे लाबुबूची नक्कल, जिला जगभर 'लाफुफू' म्हणतात. मैत्रिणीच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या स्टॉलवरच लटकलेलं होतं, कारण लाबुबूही एका चित्रकाराने कागदावर काढलेली राक्षसीणच आहे.

कागदावरून बॅगेवर

त्या चित्रकाराचं नाव कासिंग लुंग. जन्म १९७२ चा, हाँगकाँगचा. लहानपणीच कुटुंब नेदरलँड्सला गेलं. नवा देश, डच भाषा येत नाही, अशा मुलाला चित्रांच्या पुस्तकांनी भाषा शिकवली. त्या पुस्तकांतून युरोपच्या उत्तरेकडच्या लोककथांमधले एल्फ, ट्रोल आणि जंगलातली बारकी भुतं त्याच्या डोक्यात शिरली ती कायमची.

२०१५ मध्ये लुंग यांनी 'द मॉन्स्टर्स' नावाने तीन चित्रपुस्तकांची मालिका केली. लाबुबू त्यातलं एक पात्र. सोबत शेपूटवाला झिमोमो आहे, सांगाड्यासारखा टायकोको आहे. लाबुबू मुलगी आहे. मनाने चांगली, पण मदत करायला गेली की हमखास घोळ घालणारी. आपण दुकानात बघतो तो चेहरा एका गोष्टीतून आला आहे आणि त्या गोष्टीला बाजाराची काहीच घाई नव्हती.

हाँगकाँगच्या 'हाऊ टू वर्क' या छोट्या कंपनीने या पात्रांच्या मूर्ती काढल्या. संग्राहकांच्या वर्तुळात त्या चालल्या, बाहेर फारसं कुणाला कळलं नाही. २०१९ मध्ये लुंग यांनी बीजिंगच्या पॉप मार्ट कंपनीशी करार केला. तरीही स्फोट लगेच झाला नाही. २०२३ च्या शेवटी लाबुबू बॅगेला अडकवायच्या मऊ बाहुलीच्या रूपात आली आणि एप्रिल २०२४ मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन गटातल्या थायलंडच्या लिसाने ती मिरवली. मग थायलंड, आग्नेय आशिया, अमेरिका, युरोप असा वणवा पेटला. मे २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये दुकानांबाहेर एवढी धक्काबुक्की झाली, की कंपनीला तिथल्या दुकानांतली विक्री थांबवावी लागली.

पुस्तक ते वेड, मध्ये नऊ वर्षं. 'रातोरात व्हायरल' असं लिहिताना आम्ही पत्रकार ही नऊ वर्षं सोयीस्करपणे गाळतो.

पैसा किती, आणि तो येतो कुठून?

२०२३ मध्ये 'द मॉन्स्टर्स' या पात्रकुटुंबातून पॉप मार्टला सुमारे ३६.८ कोटी युआन मिळाले होते. २०२४ मध्ये हाच आकडा ३०४ कोटी युआनवर गेला. २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांतच तो ४८१ कोटी युआन झाला, म्हणजे कंपनीच्या १,३८८ कोटींच्या एकूण उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून जास्त. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या एका लिलावात माणसाएवढी लाबुबू १० लाख ८० हजार युआनला गेली. आपल्या हिशोबात सव्वा कोटी रुपयांच्या आसपास.

यामागचं यंत्र म्हणजे ब्लाइंड बॉक्स. बंद खोका विकत घ्यायचा, आत कोणता रंग आहे ते उघडल्यावरच कळणार. पहिल्या गाजलेल्या मालिकेत सहा नेहमीच्या बाहुल्या होत्या आणि एक गुपित; ती गुपित बाहुली मिळण्याची शक्यता ७२ खोक्यांत एक. आपल्याकडे जत्रेत चिठ्ठी उचलायचा खेळ असतो, तोच हा, फक्त एसी दुकानात. मुलांना त्याची चटक लागते हे चीन सरकारनेही ओळखलं. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिथे आठ वर्षांखालच्या मुलांना ब्लाइंड बॉक्स विकता येत नाहीत.

खोका कंपनीचा, दुकान कंपनीचं, ७२ त एकचं गणितही कंपनीचं. चित्रकाराचं त्यात चेहरा सोडून काहीच नाही. पण तो चेहरा काढून घेतला तर खोक्यात उरतो फक्त फर. म्हणूनच करार महत्त्वाचा ठरतो.

पॉप मार्टने २०२० मध्ये हाँगकाँग शेअर बाजारात उतरताना आपल्या पात्रांची सरळ वर्गवारी दिली होती. काही पात्रं कंपनीच्या मालकीची, जसं केनी वाँग या चित्रकाराकडून हक्क विकत घेतलेली मॉली. काही पात्रं चित्रकाराशी खास परवान्याचा करार करून घेतलेली. 'द मॉन्स्टर्स' त्या गटात होती. विकणं आणि भाड्याने देणं यात जेवढा फरक, तेवढाच या दोन गटांत. घर भाड्याने दिलं तर सातबाऱ्यावर नाव तुमचंच राहतं. आजही लाबुबूच्या प्रत्येक बातमीत कासिंग लुंग हे नाव येतं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सोनी पिक्चर्सने चित्रपटाचे हक्क घेतल्याची बातमी आली तेव्हाही आलं. खेळण्यांच्या धंद्यात ही साधी गोष्ट नाही. आपल्या लहानपणीच्या कंपासपेटीवरची चित्रं कुणी काढली होती, सांगता येईल?

भूत सगळ्यांचं, चेहरा एकाचा

इथे एक शंका येते. लुंग यांनी एल्फ तर लोककथेतून उचलले. मग लाबुबू त्यांची कशी?

कॉपीराइट कल्पनेवर नसतो, ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो. जंगलातलं खोडकर भूत कुणाच्याही बापाचं नाही. पण सशासारखे कान, नऊ टोकदार दात आणि ते विशिष्ट हसू, हे लुंग यांचं. आपल्याकडचं ताजं उदाहरण म्हणजे जून २०२४ मध्ये आलेला, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट. पिंपळावरचा मुंजा कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो, त्याच्यावर कुणी हक्क सांगू शकत नाही. उद्या तुम्हीही मुंजाचं चित्र काढा. मात्र त्या चित्रपटातला संगणकावर घडवलेला मुंज्या जसाच्या तसा मगवर छापलात, तर निर्मात्यांची नोटीस येऊ शकते.

२०२५ मध्ये लाबुबू म्हणजे मेसोपोटेमियातला पाझुझू नावाचा सैतान आहे, अशी अफवा फिरली. आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरही ती पोहोचली, बाहुल्या जाळल्याचे व्हिडिओ आले. दोघांचा काडीचा संबंध नाही. गंमत म्हणजे खुद्द पाझुझूचं मुंडकं प्राचीन काळी बाळंतिणीच्या आणि बाळाच्या रक्षणासाठी ताईत म्हणून वापरत. देवळाच्या उंबऱ्यावरचं दात काढलेलं कीर्तिमुख ओलांडून रोज दर्शनाला जाणाऱ्यांनी दात बघून घाबरावं, हे मला तरी पटत नाही.

मग हडळीची फाइल पाठवायची का?

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे काढलेल्या चित्राचा पहिला मालक चित्रकार असतो. नोंदणी सक्तीची नाही. हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेलं चित्र मात्र, वेगळं ठरलेलं नसेल तर, मालकाचं.

हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखीच लागतो, आणि कागदावर चित्रकाराची सही हवी. कलम १९ त चित्रकाराच्या बाजूची एक तरतूद आहे: करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. त्यामुळे हुशार कंपन्या 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' हे शब्द घालायला विसरत नाहीत. सही करणारे ते वाचायला विसरतात.

इथपर्यंत सगळं चित्रकाराच्या बाजूने दिसतं. अडचण सुरू होते ती चित्राची वस्तू होते तेव्हा. याच कायद्याचं कलम १५ सांगतं, की जे डिझाइन २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्याच्या वस्तू चित्रकाराने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्या कुणी औद्योगिक पद्धतीने ५० हून जास्त काढल्या, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. मूळ कलाकृती आणि तिच्यापासून तयार झालेलं डिझाइन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या कशा ओळखायच्या, याची कसोटी सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या खटल्यात घालून दिली. तो खटला एलएनजी वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या आराखड्यांचा होता, बाहुल्यांचा नव्हे, पण रेषा तीच. कागदावरची हडळ सुरक्षित राहते. किचेनच्या घडीव आकाराबद्दल मात्र वाद होऊ शकतो. आणि ऑर्डर आहे २०० ची.

मग डिझाइन नोंदवून टाकावं? संरक्षण मिळतं आधी १० वर्षं, मग अर्ज करून आणखी ५. पण डिझाइन नवं असावं लागतं, म्हणजे अर्जाआधी ते कुठेही जाहीर झालेलं नको. रोज रात्री इन्स्टाग्रामवर चित्र टाकणाऱ्या मुलीला हे सांगायचं कसं? चित्र टाकलं नाही तर कुणाला कळणार नाही, कुणाला कळलं नाही तर ऑर्डर येणार नाही. आणि टाकलं तर त्याच आकाराची नोंदणी अडू शकते. माझ्या मते या कायद्याला छोटा चित्रकार डोळ्यांसमोर नव्हताच. त्याच्यासमोर कापडगिरण्या आणि भांड्यांचे कारखाने होते.

नावाला आणि चेहऱ्याला ट्रेडमार्क घेणं हा एक मार्ग उरतो. पैसे आणि वेळ दोन्ही लागतात, पण वेळेवर नूतनीकरण केलं तर तो संपत नाही.

ती अर्कचित्रंही काढते, लग्नपत्रिकांसाठी. तिथे नियम आणखी वेगळा. पैसे देऊन करून घेतलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याचं मानलं जातं. नवरा-नवरीचं अर्कचित्र पोर्ट्रेटमध्ये बसू शकतं. म्हणजे आपल्या संग्रहात दाखवण्याची मुभा आधीच लिहून घेतलेली बरी. प्रसिद्ध माणसांचं काय? २०१० मध्ये दिल्ली हायकोर्टात गायक दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या, त्यांच्या ओळी गाणाऱ्या बाहुल्यांचा खटला झाला. कोर्टाने बाहुल्यांची विक्री रोखली, पण त्याच निकालात व्यंगचित्र, विडंबन यांना अशा हक्कांच्या नावाखाली दाबता येणार नाही, हेही सांगितलं. नेत्याचं नाक लांब काढा, हरकत नाही. त्या नाकाचं खेळणं करून विकायला गेलात तर प्रश्न वेगळा होतो.

खेळण्यांवर आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं प्रमाणचिन्हही सक्तीचं आहे. दादरच्या त्या लाफुफूवर मी ते शोधलं, सापडलं नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये अशा नकली बाहुल्यांचे सुटे भाग लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, असा इशारा दिला होता. स्टॉलवाल्या काकांना विचारलं, "हे कुणी बनवलं?" ते म्हणाले, "क्रॉफर्ड मार्केट."

मैत्रिणीने फाइल पाठवली नाही. उलट चार ओळींचा मेसेज केला: फक्त किचेन, फक्त महाराष्ट्र, मुदत एक वर्ष, प्रत्येक नगामागे रॉयल्टी आणि मागच्या बाजूला माझं नाव. समोरच्याने तीन दिवस वाचून ठेवलं. मग उत्तर आलं, "मॅडम, नावासाठी जागा कमी आहे. बाकी बोलू."

बोलणी चालू आहेत. झोटिंगाची नवी मालिका तिने काढून ठेवली आहे, अजून पोस्ट केलेली नाही.