कॅल्शियमची गोळी बंद करण्याआधी

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कर्करोगाचा गुन्हेगार अधूनमधून बदलत असतो. साखर झाली, गहू झाला, सध्या पाळी कॅल्शियमची आहे. ‘कॅन्सरच्या पेशी कॅल्शियमवर वाढतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, दूध बंद करा.’ मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे असलं सगळं माझ्याकडे येतंच. पंचाईत अशी, की या मेसेजमधली शास्त्रज्ञांची गोष्ट निव्वळ थाप नाही.

ॲनेक्सिन ए-2 नावाचं एक प्रथिन आहे. पेशीत कॅल्शियम वाढलं की ते पेशीच्या आवरणाला जाऊन चिकटतं, हे जुनंच ज्ञान. 2004-05 च्या सुमारास कॅनडातल्या आणि नॉर्वेच्या बर्गनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की हेच प्रथिन आरएनएलाही धरतं, आणि तिथेही कॅल्शियम लागतं. धरतं तो आरएनए साधासुधा नाही. ‘मिक’ हे पेशीला विभाजनाला लावणारं प्रथिन, अनेक कर्करोगांत बेसुमार वाढलेलं. ते कसं बनवायचं याची चिठ्ठी म्हणजे हा आरएनए. चिठ्ठीच्या शेवटच्या भागात प्रथिनाची कृती नसते, पण ती पेशीत कुठे वाचली जावी याची खूण असते. ॲनेक्सिन नेमकं तिथे बसतं. मला हे संशोधन फार देखणं वाटतं. वर्गात शिकवताना तास कधी संपतो कळत नाही.

पण हे कॅल्शियम कुठलं? पेशीबाहेर मुक्त कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असतं. आत ते क्षणभर उसळतं, निरोप देतं आणि पंप ते लगेच बाहेर काढतात किंवा पेशीतल्याच साठ्यात भरतात. कर्करोगाची पेशी बिघाड करते तो या पंपांत आणि दारांत. तुम्ही सकाळी दूध प्यालात की नाही, याची तिला खबरही नसते. रक्तातलं कॅल्शियम साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर राहतं. ते घटू लागलं की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून काढून भरपाई करतात. म्हणजे दूध सोडून उपाशी कोण राहतं? गाठ नव्हे, हाडं.

माझ्या मामीचं हेच झालं. स्तनाच्या कर्करोगावर लेट्रोझोल चालू, त्याने हाडं आधीच विरळ होतात. आजार हाडांत उतरल्यामुळे झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईनही होतं. हे औषध हाडांतून कॅल्शियम निघू देत नाही, म्हणून सोबत कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व देतात. मामींनी मेसेज वाचून दूध आणि गोळ्या दोन्ही गुपचूप सोडलं. ओठांभोवती मुंग्या, हाताची बोटं आत वळलेली, अशा अवस्थेत रात्री दवाखाना गाठावा लागला. “अगं, मी पथ्यच पाळत होते ना!” म्हणाल्या. काय बोलणार?

आहारातल्या कॅल्शियमचा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर एका ओळीत मावत नाही. ब्रिटनमध्ये पाच लाखांहून अधिक महिलांच्या अभ्यासात, 2025 च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या, दिवसाला 300 मिलिग्रॅम जादा कॅल्शियम घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 17 टक्के कमी दिसला. प्रोस्टेटच्या बाबतीत मात्र फार जास्त कॅल्शियमवर संशय आहे. म्हणून मूठभर गोळ्या मनाने खाणंही नको.

माझी तक्रार ग्रुपवाल्यांपेक्षा आम्हा शास्त्रवाल्यांवर जास्त आहे. ‘कर्करोगात कॅल्शियमची भूमिका उघड’ असा मथळा आमच्याच संस्थांच्या प्रसिद्धिपत्रकांत असतो. प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर झाला आणि आहाराशी त्याचा संबंध नाही, हे वाक्य त्यातच पहिल्या परिच्छेदात लिहायला काय जातं?

काही रुग्णांचं कॅल्शियम खरोखर वाढतं. मायलोमात, हाडांत पसरलेल्या आजारात. तेव्हा डॉक्टर गोळी स्वतःच थांबवतात, रक्त तपासून. आणि हो, त्या रिपोर्टमध्ये अल्ब्युमिनही बघायला सांगा. ते कमी असलं, आणि केमोत बरेचदा असतं, तर कॅल्शियमचा आकडा उगाच खाली दिसतो.