गणिताची पदवी आणि उसाचे बिल



शेतकी ऑफिसात लोक येतात ते लागणीच्या नोंदीला, बेण्याच्या चौकशीला, नाहीतर तोडणीची टोळी का आली नाही म्हणून भांडायला. गेल्या जून महिन्यात मात्र एक वयस्क सभासद वेगळ्याच कामाला आले. बरोबर नात होती, बारावी सायन्स झालेली, गणितात उत्तम गुण. शहरातल्या एका खासगी कॉलेजात ‘डेटा सायन्स’च्या पदवीला प्रवेश मिळत होता. फी वर्षाला एक लाख साठ हजार, होस्टेल आणि मेस वेगळी. सोसायटीचे कर्ज डोक्यावर होतेच. पुढच्या हंगामाच्या बिलातून कपात करून घ्या, पण आता काही उचल द्या, असा त्यांचा अर्ज होता.

मी म्हटले, “तात्या, उचलीचं नंतर बघू. पोरीला नेमकं शिकायचंय काय?” तात्यांना सांगता येईना. पोरगीच म्हणाली, “काका, मला गणित आणि स्टॅटिस्टिक्स करायचंय.”

मग त्यासाठी लाखांची उचल कशाला, असे माझे स्पष्ट मत आहे. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, मोठ्या इमारती लागत नाहीत. चांगला शिकवणारा, वही आणि बैठक लागते. अनुदानित कॉलेजातली साधी बी. एस्सी. खासगी कॉलेजाच्या मानाने फार थोड्या फीमध्ये होते. पाया तोच, नाव तेवढे साधे. आपल्याकडे मात्र नाव जितके इंग्रजी आणि फी जितकी जादा, तितके शिक्षण भारी असा समज होऊन बसला आहे. बेणे घेताना आपण असे फसत नाही. डोळा बघतो, वय बघतो, मग पैसे मोजतो.

संख्याशास्त्र काय कामाचे, असेही काहीजण विचारतात. त्यांना माझीच फजिती सांगतो. मी कृषी पदविकावाला. नोकरीच्या सुरुवातीला एका वर्षी गटातल्या उसाचा अंदाज द्यायचा होता. मी मोटारसायकलवर फिरून रस्त्याकडेचे आणि कालव्यालगतचे प्लॉट पाहिले आणि आकडा दिला. कडेचा ऊस नेहमीच बरा दिसतो, आतल्या माळाकडे कोण जातो? आकडा फुगला. त्याच्या जोरावर आमच्या गटाला टोळ्या जादा मिळाल्या आणि त्या लवकर मोकळ्या झाल्या. शेजारच्या गटात मात्र ऊस एप्रिलपर्यंत वाळत उभा राहिला, लोकांचे वजन घटले. शिव्या त्या गटाच्या चिटबॉयने खाल्ल्या, चूक माझी होती. प्लॉट चिठ्ठ्या टाकून निवडले असते तर थोड्याच प्लॉटांवरून खरा अंदाज आला असता. संख्याशास्त्राचा हा अगदी पहिला धडा आहे.

आणि हा धडा देशाच्या शेतीला शिकवणाऱ्यांत आपल्याच सातारा जिल्ह्याचा माणूस होता. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध. फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ साली गणित घेऊन पदवीधर झाले, पुढे लंडनला संख्याशास्त्र शिकले. पीक कापणी प्रयोगांवरून उत्पादनाचा अंदाज काढण्याची पद्धत देशात बसवण्यात त्यांचा आणि डॉ. पानसे यांचा मोठा वाटा. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत ते संख्याशास्त्राचे प्रमुख झाले.

आता कामाचे बोलू. अकरावीला गणित सोडू नका. जीवशास्त्राच्या नादाने गणित सुटले की ही वाट बंदच झाली म्हणा. प्रवेश घेताना कॉलेजच्या क्लार्कला दोन गोष्टी विचारा. तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित? एकाच कॉलेजात दोन्ही असतात आणि फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दुसरे, संख्याशास्त्र शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून मिळते का? पुष्कळ ठिकाणी ते पहिल्या-दुसऱ्या वर्षापुरतेच असते आणि मग मुलांना कॉलेज बदलावे लागते.

शिष्यवृत्तीच्या योजना प्रवर्गाप्रमाणे वेगवेगळ्या आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ८ लाख रुपये आहे. ‘कमवा आणि शिका’ तर कर्मवीर अण्णांनी याच मातीत रुजवले, त्यात कमीपणा मानू नका. ज्याला घर सोडणे शक्यच नाही त्याला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून गणित घेता येते, मात्र त्याला स्वतःची शिस्त हवी.

फारच हुशार मूल असेल तर भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा द्यायला लावा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली कलकत्त्यात काढलेली ही संस्था. संख्याशास्त्राची पदवी कोलकात्याला, गणिताची बंगळूरला. परीक्षा अवघड असते, जागा थोड्या. पण निवड झाली तर शिक्षण शुल्क नाही, उलट दरमहा विद्यावेतन मिळत आले आहे. आपल्या भागातली किती मुले हा अर्ज भरतात? भरत नाहीत, कारण कुणी सांगतच नाही.

पुढे नोकरीचे काय, हा प्रश्न तात्यांनीही केला. संख्याशास्त्र घेऊन पदवी झाली की लोकसेवा आयोगाची भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा देता येते. बँका, विमा कंपन्या, औषध कारखाने, पीक संशोधन केंद्रे, सगळीकडे ही माणसे लागतात. पदवीनंतर लगेच मोठा पगार मिळेल असे मी म्हणणार नाही, बहुतेकांना एम. एस्सी. करावीच लागते. पण तीन वर्षांत घर कर्जात गेलेले नसले म्हणजे आणखी दोन वर्षे शिकवण्याचा जीव उरतो.

तात्यांची नात आता तालुक्याच्या कॉलेजात, अनुदानित तुकडीत आहे. एसटीचा पास काढून रोज जा-ये करते. ज्यांची मुले यंदा बारावीला आहेत त्यांनी उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवावा, जूनमध्ये तहसीलला रांग लागते. अर्ज भरताना अडले तर सोमवारी, बाजारच्या दिवशी, शेतकी ऑफिसात या. तात्यांचा उचलीचा अर्ज अजून माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. परत न्यायला ते काही आले नाहीत.

– ऊस विकास अधिकारी