आर्नोकाठची छत्री

‘आईला झेपेल का?’ युरोपची सहल ठरविताना बोरिवली-मुलुंडच्या घरांतून हा प्रश्न हमखास निघतो. आईला काय पाहावयाचे आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

इटलीतील फ्लॉरेन्सचेच पाहा. तेथील कॅथेड्रलच्या घुमटास ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. गुडघ्यांची वा हृदयाची तक्रार असणाऱ्यांनी घुमट खालच्या चौकातून पाहावा. त्यात कमीपणा नाही. रस्ते दगडी फरसबंदीचे असल्याने घट्ट पकडीचे बूट हवेत. उन्हाळ्यात दुपारचे ऊन कडक असते. तो वेळ विश्रांतीचा. कॉफी उभ्याने पिण्याची तेथील रीत आहे. बसून घेतल्यास बहुधा अधिक पैसे पडतात. ते खुशाल द्यावेत.

आर्नो नदीच्या काठी ‘काशिने’ हे विस्तीर्ण उद्यान आहे. मंगळवारी सकाळी तेथे बाजार भरतो आणि स्थानिक मंडळी पिशव्या घेऊन येतात. उद्यानाच्या पश्चिम टोकाला, आर्नो व मुन्योने यांच्या संगमाजवळ, कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांची छत्री आहे. इंग्लंडहून मायदेशी परतताना महाराज आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये निवर्तले. वय अवघे वीस. परक्या भूमीत, या संगमावरच त्यांच्यावर हिंदू रीतीने अग्निसंस्कार झाले. १८७४ मध्ये येथे स्मारक उभे राहिले. पुढे जवळच बांधलेल्या पुलालाही ‘भारतीयाचा पूल’ असेच नाव पडले.

सहलीच्या ठरलेल्या कार्यक्रमात हे स्थळ सहसा नसते. शहराच्या मध्यापासून ते दूर आहे. पायी न जाता टॅक्सीने जावे आणि परतीची सोय आधीच करावी.

काळजीवाहकांनी तीन गोष्टी पाळाव्यात. औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी हातातील पिशवीत ठेवावी. इन्सुलिन विमानाच्या मालकक्षात कधीही देऊ नये. इटलीची वेळ उन्हाळ्यात आपल्याहून साडेतीन तास मागे असते. म्हणून मधुमेहाच्या औषधांच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. लांबच्या विमानप्रवासात अधूनमधून उठून चालवावे, पाणी पाजावे.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी. दिवसाला एकच स्थळ ठरवावे आणि त्याची निवड आईवर सोपवावी. तिने घुमट सोडून छत्री निवडली, तर तिच्यासमवेत तेथे स्वस्थ थांबावे. घाई करू नये.